सेनिओ नदीच्या कांठीं

इटलीला जाऊन आलों असें कोणास सांगितलें कीं, ऐकणारा पहिला प्रश्न रोमविषयीं विचारतो व दुसरा व्हेनिसविषयीं. आम्हांसहि हे प्रश्न पुष्कळांनीं विचारले. आणि दोहोंचें उत्तर "तिकडे गेलोंच नाहीं" असें दिल्यावर त्यांच्या मुद्रेवर जें आश्चर्य उमटलें, त्यांत थोडी कींवहि मिसळलेली होती. एवढा पैसा खर्चून हीं माणसें गेलीं तरी कोठें, असें त्यांस वाटलें असावें. आम्ही गेलों होतों फाएंझा, ब्रिसिगेल्ला, कोतिन्योला व फोर्ली या चार गांवीं. हीं नांवें आमच्या शाळेच्या भूगोलांत नव्हतीं व बहुधा हल्लींच्या भूगोलांतहि नसावींत. परंतु त्यांपैकीं एका गांवाशीं आमच्या घराचा संबंध ऐंशीं वर्षांचा आहे, आणि तो सांगावयाचा तर प्रथम एक जुना अपराध सांगितला पाहिजे. तो आम्हीं आजवर कोणास सांगितला नव्हता. ज्या शाळेंत असतांना तो हातून घडला, त्याच शाळेच्या वार्षिकांत तो सांगावा, हेंच योग्य होय.

आमच्या आजोबांचे थोरले बंधु मराठा पलटणींत शिपाई होते. सातारा जिल्ह्यांतील आमच्या गांवाहून ते इ. स. १९४२ मध्यें भरती होऊन गेले व पुन्हां घरीं आले नाहींत. १९४५ च्या फेब्रुवारींत तार आली. तींत ते इटलींत कामास आले, एवढेंच होतें. त्यांच्या पत्नीचें वय तेव्हां अठरा वर्षांचें. मूलबाळ नव्हतें. आम्ही तिला थोरली आजी म्हणत असूं. तिनें पुढील बावन्न वर्षें त्याच घरांत काढलीं, दिरांचीं मुलें वाढविलीं व त्या मुलांचीं मुलेंहि वाढविलीं. तिच्याजवळ नवऱ्याची म्हणून एकच वस्तु होती. पत्र्याच्या एका लहान डबींत, कापडांत गुंडाळलेला, सहा टोंकांचा एक तारा. त्याची फीत तांबड्या, पांढऱ्या व हिरव्या रंगाची. इटलींत लढलेल्या शिपायांस सरकारनें दिलेलें तें पदक होतें. दरवर्षीं दसऱ्यास, घरांतील विळे, कोयते व नांगराचा फाळ पूजेस मांडीत, तेव्हां थोरली आजी ती डबी आणून उघडी ठेवी व त्या ताऱ्यावर झेंडूचें एक फूल वाही. तोंडानें कांहीं बोलत नसे.

१९८१ सालच्या श्रावणांत आम्ही सहावीच्या वर्गांत होतों. वर्गांतील एका मुलानें आपल्या चुलत्याचें बक्षिसाचें घड्याळ आणून दाखविलें होतें. त्याहून मोठी वस्तु आपल्या घरीं आहे, हें सर्वांस दाखवावें अशी ईर्षा आमच्या मनांत उत्पन्न झाली. आम्हीं कोणास न विचारतां डबी दप्तरांत घातली. शाळा सुटल्यावर कृष्णेच्या पुलावर आठदहा मुलांचा घोळका जमला. प्रत्येकास तारा हातांत घ्यावयाचा होता. ओढाओढ झाली, आणि तो कोणाच्या हातून निसटला हें कळण्यापूर्वींच खालच्या गढूळ पुरांत नाहींसा झाला. मुलें क्षणभर स्तब्ध राहिलीं व मग एकएक करून निघून गेलीं. आम्हीं घरीं येऊन रिकामी डबी पूर्वींसारखी कापडांत गुंडाळून तिच्या जागीं ठेवून दिली.

त्या वर्षीं दसरा आला तेव्हां आमचे पाय लटपटत होते. थोरली आजी डबी घेऊन आली. तिनें ती पाटावर ठेवली. नेहमींप्रमाणें उघडली मात्र नाहीं. मिटलेल्या झाकणावरच झेंडूचें फूल वाहिलें. त्या वर्षापासून पुढें सोळा दसरे झाले, पण ती डबी तिनें एकदांहि उघडली नाहीं आणि आम्हांस एक शब्दहि विचारला नाहीं. १९९७ सालीं ती वारली. तिला सर्व ठाऊक होतें, हें आम्हांस मनांतून कळलें होतें. तिच्यापुढें जाऊन बोलण्याचें धैर्य मात्र सोळा वर्षांत एक दिवसहि झालें नाहीं.

शिपायांचीं स्मारकें कोठें कोठें आहेत याचा शोध अलीकडे घरबसल्या घेतां येतो. तसा शोध घेतां थोरल्या आजोबांचें नांव फोर्ली येथील स्मारकावर असल्याचें आढळलें. तेव्हां आम्हीं जाण्याचा निश्चय केला. २०२४ च्या एप्रिलांत आम्ही, आमची पत्नी व या शाळेच्या नववींत शिकणारी आमची कन्या, असे तिघे मिलानहून आगगाडीनें बोलोन्यास व तेथून फाएंझास गेलों. फोर्ली तेथून अवघें पंधरा किलोमीटर; परंतु आम्हीं आधीं तीन दिवस आसपासचीं गांवें पाहण्याचें ठरविलें. ज्या भूमींत आपलें माणूस राहिलें ती भूमि कशी आहे हें पाहावें, असें आम्ही घरच्यांस सांगितलें. खरें कारण निराळें होतें. त्या नांवापुढें उभें राहण्याचें भय वाटत होतें.

हीं सर्व गांवें ज्या मुलखांत आहेत, त्यांतून रोमन लोकांनीं ख्रिस्तपूर्व १८७ मध्यें एक सरळ राजमार्ग बांधला. रिमिनीपासून पियाचेंझापर्यंत जाणाऱ्या या मार्गाचें नांव, तो बांधविणाऱ्या एमिलियस लेपिडस या अधिकाऱ्यावरून, एमिलिया असें पडलें. व पुढें सर्व प्रांतासहि तेंच नांव मिळालें. फोर्ली, फाएंझा, इमोला, बोलोन्या, मोदेना, पार्मा हीं शहरें या एका मार्गावर दोऱ्यांत मणी ओवावेत तशीं ओवलेलीं आहेत. मार्गाच्या एका बाजूस आपेनाइन पर्वताचे पायथे व दुसऱ्या बाजूस सपाट, काळीभोर, फळबागांची जमीन. डोंगरांतून उतरणाऱ्या लहान लहान नद्या या जमिनींतून समुद्राकडे जातात. दोहों बाजूंस उंच मातीचे बांध घालून त्यांस आवरून धरलेलें आहे. हे बांध वाचकांनीं लक्षांत ठेवावेत; त्यांचें काम पुढें पडणार आहे.

फाएंझा हें कुंभारांचें गांव. साध्या भाजलेल्या मातीच्या भांड्यावर कथिलाच्या भस्माचा लेप देऊन तें दुसऱ्यांदा भाजलें असतां त्यावर दुधासारखी पांढरी, चकचकीत काया येते, व तीवर काढलेलीं रंगीत चित्रें शेंकडों वर्षें टिकतात. ही कला येथील कारागिरांनीं पंधराव्या व सोळाव्या शतकांत इतकी पूर्णत्वास नेली कीं, फ्रेंच लोक अशा भांड्यांस या गांवाच्या नांवावरून 'फायांस' म्हणूं लागले. आजहि गल्लोगल्लीं कुंभारांच्या कार्यशाळा आहेत. एका कार्यशाळेंत एक बाई ताटाच्या कडेवर केसाएवढ्या बारीक कुंचल्यानें निळी वेल काढीत होती. आम्ही दारांत उभे राहिलों तेव्हां तिनें मान हालवून आंत बोलाविलें, पण हातांतील रेघ पुरी होईपर्यंत ती बोलली नाहीं. ती शिस्त आमच्या कन्येस फार आवडली.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांस या गांवाशीं आणखी एक नातें जोडतां येईल. वायुभारमापक तयार करणारा टॉरिचेल्ली बालपणीं येथेंच आपल्या चुलत्याजवळ शिकला. पाऱ्याची नळी उलटी धरली असतां पारा सुमारें शहात्तर सेंटिमीटरवर कां थांबतो, हा प्रश्न आपण प्रयोगशाळेंत सोडवितों, तो त्यानें इ. स. १६४४ मध्यें सोडविला होता.

येथील मृत्पात्रांचा संग्रह सर्व जगांत प्रसिद्ध आहे. गाएतानो बाल्लार्दीनी या गृहस्थानें १९०८ सालीं तो स्थापिला. पुढें कुंभकलेची शाळाहि काढली. तीस-पस्तीस वर्षें देशोदेशींचीं भांडीं जमवून त्यानें दालनें भरलीं. आणि १९४४ च्या मे महिन्याच्या १३ तारखेस दोस्त राष्ट्रांच्या विमानांनीं टाकलेल्या बॉंबांनीं त्या इमारतीचा व संग्रहाच्या फार मोठ्या भागाचा एका दिवसांत चुराडा केला. मातीचीं भांडींच तीं! बाल्लार्दीनीचें वय तेव्हां पासष्टीच्या पुढें होतें. एखादा कपाळावर हात मारून स्वस्थ बसला असता. त्यानें ढिगाऱ्यांतून तुकडे वेंचावयास आरंभ केला व जगांतील संग्रहालयांस, राजवटींस आणि कलावंतांस पत्रें लिहिलीं. पिकासोसारख्या जगन्मान्य चित्रकारानेंहि आपल्या हातचीं पात्रें पाठविलीं. १९५३ सालीं बाल्लार्दीनी वारला, तोंवर संग्रहालय पुन्हां उभें राहिलें होतें. २०११ सालीं युनेस्कोनें या संस्थेस शांतीच्या संस्कृतीची साक्ष देणारें स्मारक म्हणून गौरविलें.

आम्हांस तेथें जें सर्वांत अधिक वेळ थांबवून ठेवतें झालें, तें कोणतेंहि अखंड पात्र नव्हे. जोडून ठेवलेल्या एका ताटाचे सांधे स्पष्ट दिसत होते, व जो तुकडा सांपडला नाहीं त्याची जागा साध्या पांढऱ्या लेपानें भरली होती. तींत खोटें चित्र काढून ताट पुरें असल्याचा आव आणलेला नव्हता. हें पुरें होतें, तें फुटलें, एवढें सांपडलें, एवढें सांपडलें नाहीं, असें तें ताट मुकाट्यानें सांगत होतें. आम्हांस मिटलेल्या झाकणावरील झेंडूचें फूल आठवलें व आम्ही पुढील दालनांत गेलों.

गांवाच्या मुख्य चौकांत दोहों बाजूंस कमानींचे लांब सोपे आहेत व कोपऱ्यावर घड्याळाचा उंच मनोरा आहे. तो जुना दिसतो, पण मूळचा मनोरा १९४४ च्या डिसेंबरांत माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानें सुरुंग लावून पाडला. हा लोकांनीं युद्धानंतर पुन्हां बांधला. जवळच्या लामोने नदीनेंहि या गांवावर दया केलेली नाहीं. २०२३ च्या मे महिन्यांत एकाच महिन्यांत दोनदां तिचा पूर गांवांत शिरला. आम्ही गेलों तेव्हां वर्ष होत आलें होतें, तरी खालच्या वस्तींतील भिंतींवर चिखलाची रेघ आमच्या डोक्याच्या वर दिसत होती. एका पाव विकणाऱ्या म्हाताऱ्यानें ती हातानें दाखविली, खांदे उडविले, व भट्टींतून नुकताच काढलेला पाव कन्येच्या हातांत ठेवला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत पुन्हां पुराचें पाणी गांवांत शिरल्याचें आम्ही घरीं आल्यावर वाचलें, तेव्हां तो म्हातारा डोळ्यांसमोर आला.

दुसऱ्या दिवशीं लामोनेच्या खोऱ्यानें वर ब्रिसिगेल्लास गेलों. तीन सुळके, एकावर किल्ला, दुसऱ्यावर घड्याळाचा बुरुज, तिसऱ्यावर देवीमातेचें मंदिर, व खालीं दाटीनें वसलेलें गांव; आपल्या सह्याद्रींतील एखाद्या घाटमाथ्याची आठवण यावी असा हा देखावा आहे. त्या घड्याळाच्या तबकडीवर बाराऐवजीं सहाच आंकडे आहेत. जुन्या काळीं इटलींत दिवसाचे चार भाग करून सहा सहा तास मोजण्याची रीत होती, तिची ती खूण. आमची कन्या वेळ वांचूं लागली व दोनदां चुकली, तेव्हां शेजारीं बसलेल्या दोन म्हाताऱ्या मनमुराद हंसल्या.

या गांवांतील 'गाढवांचा रस्ता' प्रसिद्ध आहे. घरांच्या ओळींतच, पहिल्या मजल्याच्या उंचीवर, वरून झांकलेला व एका अंगास लहानमोठ्या कमानींचा असा हा वळणावळणाचा मार्ग बाराव्या शतकापासूनचा सांगतात. डोंगरांतून चिरोडीचे दगड वाहून आणणारे गाढववाले येथें राहात. एका अंगास गाढवांचे तबेले, वर माणसांचीं बिऱ्हाडें. ज्या चिरोडीचा खडू आपण शाळेंत फळ्यावर झिजवितों, तीच ही चिरोडी. या डोंगरांतील चिरोडीच्या गुहा २०२३ सालीं जागतिक वारशांत गणल्या गेल्या. रस्त्याची फरशी खुरांनीं झिजून मध्यें खोलगट झाली आहे. राजवाड्यांचे संगमरवरी जिने पाहावयास लोक हजारों कोस जातात. पण कष्टकऱ्यांचा रस्ता इतक्या ममतेनें जपलेला आम्हीं अन्यत्र पाहिला नाहीं.

तिसऱ्या दिवशीं मैदानांत उतरून कोतिन्योलास गेलों. या लहानशा गांवांत १३६९ मध्यें एका शेतकरी जमीनदाराच्या घरीं मुत्सियो नांवाचा मुलगा जन्मला. तो पुढें सेनापति होऊन स्फोर्झा म्हणजे जबरदस्त असें नांव पावला. त्याचा मुलगा मिलानचा ड्यूक झाला. आणि त्याच्या नातवाच्या पदरीं लिओनार्दो दा विंची होता. इतिहासांत एवढें मोठें नांव, पण गांवांत जुनी इमारत फारशी नाहीं. कारण गांवाला लागून सेनिओ नदी वाहते, व १९४४-४५ च्या हिवाळ्यांत युद्धाची आघाडी याच नदीवर तीन-चार महिने अडून बसली होती. त्या माऱ्यांत गांवाचा बहुतेक भाग जमीनदोस्त झाला. त्या काळांतच येथील लोकांनीं एक्केचाळीस ज्यू स्त्रीपुरुषांस व मुलांस आपापल्या घरांत लपवून वांचविलें. चित्रकार लुइजी व्हारोली व गांवचा कारभारी व्हित्तोरिओ झांझी हे दोघे आपल्या पत्नींसह त्यांत पुढाकारानें होते. पकडले गेले असते तर मरण निश्चित होतें. गांवांत ही गोष्ट अनेकांस ठाऊक होती, तरी एकानेंहि ती फोडली नाहीं.

कधीं कधीं गप्प राहणें हेंहि मोठें काम असतें, असें आमची पत्नी म्हणाली. आम्हीं मान हालविली. परंतु भयानें गप्प राहणें निराळें व दुसऱ्यास जपण्यासाठीं गप्प राहणें निराळें; पहिलें आमचें होतें व दुसरें थोरल्या आजीचें, हें आम्ही मनांत समजलों.

सायंकाळीं सेनिओच्या बांधावर चढलों. नदी पाहून कन्या म्हणाली, "बाबा, एवढीशीच?" खरोखर, आपल्याकडील मोठ्या ओढ्याएवढें तें पात्र. पण दोहों बाजूंचे बांध दुमजली घराएवढे उंच. जर्मन सैन्यानें हे बांध आंतून पोखरून त्यांत मोर्चे केले होते व सभोंवार सुरुंग पेरले होते. कांहीं ठिकाणीं बांधाच्या एका उतारावर हे व दुसऱ्या उतारावर ते, अशी स्थिति होती. मध्यें केवळ मातीची जाडी. थोरले आजोबा त्या हिवाळ्यांत याच बाजूस कोठें तरी पडले. नेमकें कोठें, हें कळावयास आतां मार्ग नाहीं.

हिंदुस्थानांतून इटलींत आलेल्या शिपायांची संख्या सुमारें पन्नास हजार होती. त्यांपैकीं पांच हजारांहून अधिक परत गेले नाहींत. १९४५ च्या ९ एप्रिलला ही नदी ओलांडण्याचा हल्ला झाला, तेव्हां मराठा पलटणींत अहमदनगर, म्हणजे हल्लींच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील निमज गांवचा नामदेव जाधव नांवाचा तेवीस वर्षांचा शिपाई होता. नदी ओलांडतांना त्याच्या तुकडींतील बहुतेक जण घायाळ झाले किंवा मेले. जाधवानें एका जखमी सोबत्यास उचलून खोल पाण्यांतून, चढ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यांतून सुरक्षित जागीं पोंचविलें. मग परत जाऊन दुसऱ्यासहि तसेंच आणिलें. त्यानंतर तो पुन्हां गेला व एकट्यानें तीन तोफखान्यांएवढी आग ओकणाऱ्या तीन मशीनगनी बंद पाडल्या. हातास गोळी लागून बंदूक धरवेना, तेव्हां हातबॉंबांवर भागविलें. शेवटीं बांधाच्या माथ्यावर उभें राहून त्यानें मराठ्यांची रणगर्जना केली व मागच्या तुकड्यांस हात करून पलीकडे बोलाविलें. दुसऱ्या दिवशीं कोतिन्योला मुक्त झालें. जाधवास व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो जिवंत परतला व १९८४ पर्यंत आपल्या देशांत राहिला. आम्हीं ज्या वर्षीं तो तारा पुरांत घालविला, त्या वर्षीं हा पुरुष महाराष्ट्रांत हयात होता. आणि आम्हां मुलांपैकीं एकासहि त्याचें नांव माहीत नव्हतें!

बांधावर एक वृद्ध गृहस्थ कुत्र्यास फिरवीत होते. आम्ही हिंदुस्थानचे असें कळतांच ते थांबले. भाषा परस्परांस येत नव्हती. कन्येनें खिशांतील यंत्रावर भाषांतर करून कसेंबसें निभावलें. लढाई झाली तेव्हां ते सहा वर्षांचे होते. तळघरांतून बाहेर आल्यावर त्यांनीं प्रथम जे शिपाई पाहिले ते सांवळ्या रंगाचे होते, व त्यांतील एकानें तव्यावरून काढलेलें कांहीं तरी त्यांच्या हातांत दिलें. "चपाती," ते एकदम म्हणाले. ऐंशीं वर्षें त्यांनीं तो शब्द जपला होता. जाण्यापूर्वीं त्यांनीं टोपी काढली.

आमच्या मनांत मात्र एक सल राहिला. ज्या शिपायांनीं हा देश मुक्त केला, त्यांचा स्वतःचा देश त्या दिवशीं मुक्त नव्हता. आमचे थोरले आजोबा कोणत्या विचारानें भरती झाले असतील? घरीं पोटभर भाकर नव्हती, हें एक कारण आम्हांस ठाऊक आहे. याहून मोठें कारण त्यांस होतें कीं नव्हतें, हें सांगावयास ते राहिले नाहींत. त्यांच्या मरणास आपल्या सोयीचा अर्थ चिकटविणें म्हणजे फुटक्या ताटाच्या रिकाम्या जागीं खोटी वेल काढण्यासारखें होईल.

चौथ्या दिवशीं फोर्लीस गेलों. शहराबाहेर, शेतांच्या शेजारीं, हिंदी सैन्याची दफनभूमि आहे. कापलेलें हिरवें गवत, पांढऱ्या शिळांच्या सरळ ओळी, व सर्वत्र शांतता. सुमारें पांचशें जणांचीं थडगीं येथें आहेत. आणि ज्यांच्या धर्माप्रमाणें देहास अग्नि दिला गेला, अशा जवळजवळ आठशें जणांचें निराळें स्मारक तेथेंच आहे. त्यांस थडगें नाहीं, केवळ नांव. हिंदु, शीख, मुसलमान, ख्रिस्ती, सर्व एका आवारांत आहेत. गांवोगांवच्या त्या नांवांत मराठी नांवें ओळखूं येऊं लागलीं, तेव्हां परक्या मुलुखांत आपल्या आळींतील हांका ऐकूं याव्यात तसें झालें.

थोरल्या आजोबांचें नांव कन्येनेंच प्रथम पाहिलें. रोमन लिपींत, साहेबी वळणाच्या वर्णलेखनानें, आडनांवाचा उच्चार थोडा वांकवून लिहिलेलें, पण तेंच. आम्ही तिघेहि बराच वेळ उभे होतों. मग, का कोण जाणे, आम्हीं त्या मुलीस सर्व सांगितलें. डबी, पूल, पूर, मिटलेलें झाकण. ती ऐकत राहिली. शेवटीं तिनें विचारलें, "बाबा, तुम्ही थोरल्या आजींची क्षमा कधींच मागितली नाहींत?"

"नाहीं," आम्ही म्हणालों.

"मग आतां इथें मागा."

आम्हीं हात जोडले. काय बोललों तें येथें लिहिण्याचें कारण नाहीं. कन्येनें वहीचें एक पान काढलें, व त्या नांवाकडे पाहून तें देवनागरींत, स्वच्छ, मोठ्या अक्षरांत लिहून घेतलें. आडनांवाचा उच्चार आपल्या घरीं करितात तसा. खालीं गांवाचें नांव लिहिलें. त्याखालीं थोरल्या आजीचें नांव लिहिलें. तें आमच्या ध्यानांतहि आलें नव्हतें.

घरीं आल्यावर तें पान घडी करून त्या पत्र्याच्या डबींत ठेवलें. तारा गेला तो गेला. कृष्णेच्या वाळूंत तो कोठें असेल तेथें असो. तसला दुसरा तारा बाजारांत विकत मिळतो, असें एका स्नेह्यांनीं सुचविलें, पण आम्ही तो घेतला नाहीं. त्या वर्षींच्या दसऱ्यास तेहेतीस आणि दहा, अशा त्रेचाळीस वर्षांनीं ती डबी आमच्या घरांत पुन्हां उघडी ठेवण्यांत आली, व कन्येनें तींत झेंडूचें फूल वाहिलें.

विद्यार्थीमित्रहो, इटलीस जाण्याचा योग तुमच्यापैकीं कांहींस येईल, कांहींस येणार नाहीं. आला तर रोम अवश्य पाहा. पण एखादा दिवस राखून या लहान गांवींहि जा. आणि योग न आला तरी एक प्रवास प्रत्येकास करितां येण्याजोगा आहे. तुमच्या घरीं एखादी म्हातारी असेल, तिच्याजवळ एखादी डबी, एखादें पत्र, एखादा जुना फोटो असेल. ती हयात आहे तोंवर तिच्याजवळ बसून त्याची हकीकत विचारा. तुमच्या हातून त्यांतलें कांहीं हरवलें असेल, तर तेंहि तिला सांगा. आम्हांस त्यासाठीं समुद्रापलीकडे जावें लागलें, आणि तेथें पोंचलों तेव्हां ऐकावयास ती नव्हती.